पेवाच्या तोंडावर बसलेली अक्का

आज पहाटे माझी मोठी बहीण, अक्का, गेली. मी जिवंत आहे ती तिने एकदा हट्ट केला म्हणून.

होसकोट्याच्या पुढे आमचं खेड्यातलं घर होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, दगडी खांब, मधे उघडं अंगण.

पडसाळेच्या फरशीखाली दोन पुरुष खोल पेव. त्यात रागी, म्हणजे नाचणी, साठवायची. दुष्काळाला आणि लुटारूंना भिऊन पूर्वजांनी आधी पेव खणलं आणि मग त्याभोवती घर बांधलं, असं अप्पा सांगायचे.

त्या फरशीवर मी कधी पाय दिला नाही. भिंतीला घासून जायची.

पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीने दिवा सोडायचा. विझला तर आतली हवा विषारी, कोणी उतरायचं नाही. घरचा नियमच होता तो.

पन्नासच्या दशकाची अखेर. मी आठ वर्षांची, अक्का सोळाची.

दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते आणि घरात वर काढून ठेवलेली रागी संपलेली. अप्पांनी सकाळी पेव उघडलं आणि दुपारीच दिवा सोडला.

विझला.

"वारा लागला असेल," अप्पा म्हणाले. पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

पेवाचं तोंड अरुंद, त्यातून मावणारी मी एकटीच. अप्पांनी माझ्या कमरेला दोरी बांधली.

"स्वल्पच काम आहे. एक टोपली भर आणि वर ये."

मी खांबाला घट्ट धरून राहिले.

अक्का आली, पेवावर फळी ओढली आणि वर मांडी घालून बसली.

"आधी कोंबडी सोडा, अप्पा. मग हिला."

अप्पांनी तिच्या थोबाडीत मारली. ती उठली नाही.

शेवटी टोपलीतून कोंबडी सोडली. वर ओढली तेव्हा तिची मान लोंबत होती.

अप्पा माझ्यापुढे खाली बसले. माझ्या दोरीची गाठ त्यांना सुटेना. ती अक्काने सोडली.

पाहुण्यांनी तिच्या गालावरचे वळ बघितले. ते परत आले नाहीत.

आता त्या घराच्या जागी कुणाचं तरी गोडाऊन आहे. पण व्हाइटफील्डच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार बंद झालं की माझी छाती अजून धडधडते. अक्का हात धरायची. "सरी गं, ठीक आहे, मी आहे ना."

आज तिच्या उशाशी दिवा लावलाय. सकाळपासून जीव मुठीत धरून त्याच्याकडे बघत बसलेय.

अजून जळतोय, अक्का.

तू जा.