कोयता चुकला तर कुठे जातो

आमच्या गल्लीत सध्या सगळे बिबट्याला घाबरतात. इकडे हिंदी मुलखात, रांझीतल्या आमच्या घरामागे टेकडी आहे, टेकडीवर घाणेरीचं रान माजलंय, आणि त्या रानात कुणाला तरी पहाटे बिबट्या दिसला म्हणे. मी मात्र कोयत्याला घाबरत होते. बिबट्या येईल तेव्हा येईल, कोयता तर नवऱ्याच्या हातातच होता.

रान आमच्या मागच्या भिंतीला येऊन टेकलं होतं. ते आपणच साफ करायचं असं ह्यांनी ठरवलं. फॅक्टरीतून रिटायर झालेल्या माणसाला काम दिसलं की तो कुणाचं ऐकत नाही, आणि माझं तर हे नोकरीत असतानाही ऐकत नव्हते. बाजारात कमानिया गेटजवळच्या दुकानात ह्यांनी कोयत्याच्या एकेक पात्याला टिचकी मारून कान लावला. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, लकड़ी काटना है कि बजाना है?" एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

शेवटी दोन घेतले. एक जाड, सरळ, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेला, टोकाकडे जड. दुसरा पुढे आकड्यासारखा वळलेला, झुडूप ओढून कापायला. तिसरा मुलाने पुण्याहून ऑनलाइन पाठवला होता, लांब, पातळ, काळा, रबरी मुठीचा. आईला एका शब्दाने न विचारता बापाला कोयता पाठवणारा मुलगा माझ्याच पोटी आला, काय बोलणार.

मी इतकी का घाबरत होते, ते सांगते. ह्यांच्या डाव्या पावलाला काही कळत नाही. साखरेच्या आजाराने ते हळूहळू बधिर झालं. मागच्या हिवाळ्यात फॅक्टरीतले जुने, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट चावले, फोड आला, फुटला, चिघळला, आणि ह्यांना पत्ताच नाही. मोजा काढताना मला वास आला तेव्हा कळलं. जखम भरता भरता उन्हाळा सरला. डॉक्टरांनी बजावलं की या पायाला पुन्हा जखम झाली तर पाऊल वाचेलच असं नाही. ते बूट गेले, मऊ कापडी बूट आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी ते पाऊल मांडीवर घेऊन उजेडात बघते.

त्यात ह्यांची सवय. फॅक्टरीत पहिल्या दिवसापासून एकच धडा गिरवून घेतला होता, की चालत्या हत्याराजवळ हात न्यायचा नाही. तो ह्यांच्या अंगात इतका मुरला की घरी भाजी चिरतानाही हे बोटं आखडून घेतात. त्यामुळे फांदी तोडायची तर ती हे हाताने कधीच धरत नाहीत. पायाने दाबतात. आणि तोल उजव्या पायावर, म्हणून फांदीवर डावा.

"अहो, पाय काढा तिथून," मी म्हटलं.

"अगं, हात दूर आहे ना. काहून घाबरून राहिली तू?"

"मी धरते फांदी."

"तुझा हात मध्ये नको." यावर हे इतके ठाम होते की मला राग यावा की रडू, समजेना.

रविवारी सकाळी परसात परीक्षा मांडली. वाळक्या बाभळीच्या सारख्या जाडीच्या फांद्या आणि घाणेरीचा ओला पाला, तिन्ही कोयत्यांना समान संधी. मी पायरीवर जीव मुठीत धरून बसले. हे बघत होते कोणता काय कापतो. मी बघत होते चुकला तर कुठे जातो. लांबडा ओल्या फांद्या सपासप कापायचा, पण वाळक्या लाकडावरून उसळून गुडघ्याजवळून निघून जायचा. आकडीवाला झुडूप धरायचा छान, पण ओढताना येणार तो स्वतःच्याच अंगावर. जाड कोयता मात्र इकडेतिकडे जातच नव्हता. उचलायचा, सोडायचा, की सरळ खाली. आणि खाली ह्यांचं पाऊल.

"लांबवाला बेकार, उडून राहिला," ह्यांनी निकाल दिला. "हाच खरा. वजनच काम करते."

"चलो, झालं ना ठरवून. आता चहा घ्या. मजूर लावू या कामाला."

"ही एकच राहिली."

घाव पडला. फांदीचे दोन तुकडे झाले. हे माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "पाहिलं? काही जाणवलंच नाही."

मी बुटाकडे बघत होते. पुढच्या बाजूला कापड फाटलं होतं आणि त्यातून लाल ओल पसरत होती. हे अजून कोयत्याचीच तारीफ करत होते. मग ह्यांनी माझा चेहरा बघितला, कोयता शिस्तीत बाजूला ठेवला आणि पायरीवर येऊन बसले.

मी बूट ओढून काढला, पदराचा बोळा करून पावलावर गच्च दाबला आणि शेजाऱ्यांना गाडी काढा म्हणून ओरडले. हे माझ्या हातांकडे बघत होते. पायाकडे एकदाही बघितलं नाही.

"दुखतंय का हो?" मी विचारलं. असं विचारायचं असतं म्हणून विचारलं.

"नाही." दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला असता. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"मला काही समजून नाही राहिलं गं," हे हळूच म्हणाले. "किती लागलं, तूच बघून सांग."

पदर उचलायचा मला धीर होईना.