न उडालेला फ्लॅश

नवरीचे मामा नवरानवरीशेजारी ताठ उभे होते. डोक्याला फेटा, हातात आहेराचं ताट, श्वास रोखलेला. मी त्यांचा फोटो काढून मोकळा झालो होतो. अडचण एवढीच, की ही गोष्ट त्या मांडवात फक्त मला माहीत होती.

"काढा की," मामा म्हणाले.

"काढला, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नवरीच्या बापाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि खाली उतरले.

गाव पासली, वेल्हे तालुक्यातलं डोंगरातलं भाताचं गाव. मी भोरचा फोटोग्राफर. स्टुडिओ वडिलांनी टाकलेला, पुढे मी चालवला. गावोगाव मला सलीमभाई म्हणतात. भोर-वेल्ह्यातली निम्मी लग्नं आपल्या अल्बममध्ये आहेत, असं वडील सांगायचे. थोडं वाढवून सांगायचे, पण थोडंच.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. डिजिटल कॅमेरे नुकते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले होते. डोंगरातल्या घरांत उजेड कमी, त्यात लोडशेडिंग. फ्लॅश मारला की नवरीचं तोंड पिठासारखं पांढरं आणि मागचं सगळं काळं. हळदीचा पिवळेपणासुद्धा फ्लॅश खाऊन टाकायचा. एकदा पुण्याच्या लॅबमध्ये कुणाचे तरी प्रिंट पाहिले. समईच्या उजेडात काढलेले, फ्लॅशशिवाय. तेव्हापासून मला चैन पडेना.

कमी उजेडात चांगला फोटो यायला दोन गोष्टी लागतात. एक, लेन्सचं तोंड मोठं हवं, म्हणजे उजेड जास्त आत येतो. दुसरी आयएसओ. कॅमेऱ्याची नजर किती तिखट, त्याचं ते माप. रोलमध्ये ती नजर ठरलेली असते, डिजिटलमध्ये वाढवता येते. पण आमच्या धंद्यात नुसता कॅमेरा बदलून भागत नाही. एका कंपनीच्या लेन्स दुसरीच्या बॉडीवर बसत नाहीत. बदलायचं म्हणजे सगळा संसारच बदलायचा. मी जुनं सगळं पुण्याच्या दुकानदारापुढे मांडलं आणि बदल्यात नवा डिजिटल कॅमेरा मागितला.

"फ्लॅश तरी ठेवू का?" मी विचारलं.

"या बॉडीवर तो नीट चालणार नाही. आणि कॅमेरा घेताय कशाला? फ्लॅश नको म्हणूनच ना?"

मी फ्लॅशही देऊन टाकला.

इथे धंद्यातली एक आतली गोष्ट सांगायला हवी. रोलच्या काळात आहेराला ही गर्दी उसळायची आणि रोल पुरायचा नाही. यजमान हळूच म्हणायचा, "भाई, मानाची मानसं तेवढी घ्या. बाकीच्यांना नुसतं चमकवा." फ्लॅशवर टेस्टचं एक बटण असायचं. ते दाबलं की लख्ख उजेड पडायचा, फोटो मात्र निघत नसे. पाहुणे खूश होऊन पंगतीला जायचे. पुढे अल्बममध्ये आपण नाही म्हणून भांडायला आलेला माणूस मला आठवत नाही. उजेड पडला म्हणजे फोटो निघाला, आणि फोटो निघाला म्हणजे आपल्याला मान मिळाला. आमच्या भागात ही रीतच पडून गेली होती.

तर पासलीचं लग्न. नवरीचे वडील बबनराव. सकाळीच त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सलीमभाई, मामांचा फोटो झकास आला पायजे. लई वर्सांनी दारात आल्यात."

थोरलीच्या लग्नात फेट्याचा मान आधी दुसऱ्या कुणाला दिला गेला, म्हणून मामा रुसले होते. तेव्हापासून बहिणीच्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नव्हतं. आता धाकटीसाठी बबनराव स्वतः पानशेतकडच्या त्यांच्या गावी जाऊन, हातापाया पडून त्यांना घेऊन आले होते. नवरीच्या आईचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

हळदीचे फोटो असे आले, की मीच माझ्यावर खूश. लग्न गोरज मुहूर्ताचं. अक्षता पडल्या, जनरेटरच्या ट्यूबलायटी लागल्या आणि आहेर सुरू झाला. तरुण पोरं कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आपला फोटो बघून हसत पुढे जात होती. मामा आले. ताट पुढे करताना त्यांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. तिथेच मी बटण दाबलं. मग ते फोटोसाठी म्हणून ताठ उभे राहिले आणि उजेडाची वाट पाहू लागले. पुढचं सांगितलंच आहे. मागून माणसं रेटत होती. स्क्रीन त्यांच्यापुढे धरायला कितीसा वेळ लागला असता? आज वाटतं. तेव्हा सुचलं नाही.

थोड्या वेळाने बबनराव धावत आले.

"मामांचा फोटो काढला न्हाई तुमी?"

"काढला की."

"त्ये तर न जेवता निघालं. म्हनत्यात, दाजींनीच फोटोवाल्याला सांगून ठिवलं असंल, ह्येच्यावर खर्च करू नगं."

मी स्क्रीन दाखवला. बबनरावांनी तो पाहिला आणि मला हाताला धरून ओढलंच. आम्ही रस्त्यापर्यंत पळालो, पण मामांचा टेम्पो वेल्ह्याच्या रस्त्याला लागून गेलाही होता. पाठवणीच्या वेळी नवरी मान वळवून वळवून मामाला शोधत होती. तिची आई एवढंच म्हणाली, "आता न्हाई यायचा त्यो."

मी मोठा प्रिंट काढला आणि मोटारसायकलवर घाट ओलांडून मामांच्या गावी गेलो. त्यांनी ओसरीवर बसवलं, चहा सांगितला. प्रिंट हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"ह्यो मी हाय व्हय?"

"तुम्हीच, मामा. त्याच वेळचा."

"पर उजेड तर पडला न्हाई."

"या कॅमेऱ्याला लागत नाही."

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "झ्याक आलाय. तुमच्यावर राग न्हाई, भाई. पर म्या समद्या मांडवादेखत उठून आलो. टेम्पोत दाजींच्या नावानं नगं त्ये बोललो. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मी येतो बरोबर. फोटो दाखवू सगळ्यांना."

"आन् काय सांगू? उजेड दिसला न्हाई म्हनून रुसलो?" त्यांनी मान हलवली. "न्हाई जमायचं."

आधी ते मानापायी गेले नव्हते, आता लाजेपायी. मान परत देता येतो. लाजेला कुणाकडेच उपाय नसतो. फोटो त्यांनी ठेवून घेतला. पासलीला मात्र गेले नाहीत. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

अल्बम द्यायला मी गेलो, तेव्हा नवरीच्या आईने ते पान उघडलं. फोटोवरून पदर फिरवला, पुसल्यासारखा. "हासतोय की दादा," म्हणाली आणि अल्बम मिटून ठेवला. माझ्या सगळ्या कामात तो सर्वांत चांगला फोटो आहे. स्टुडिओत लावायला मला कधी धीर झाला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी पुण्याला जाऊन नव्या बॉडीला चालेल असा सेकंडहँड फ्लॅश आणला. त्यानंतरच्या प्रत्येक आहेराला तो मांडवाच्या कापडाकडे तोंड करून उडवला, अगदी बारीक. फोटोला त्याचा काही उपयोग नसतो. नवे फोटोग्राफर हसतात, म्हणतात, भाई अजून जुन्या काळात आहेत. असू द्या. आयुष्यभर मी कितीतरी लोकांना फोटो न काढता नुसतं चमकवलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. एका माणसाचा खराखुरा फोटो काढला, आणि भावाबहिणीचं कायमचं तुटलं.