दोघांचं टेबल

आळेफाट्यावर दादाभाऊचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, एक शटर, एक टेबल आणि भिंतीवर पांढऱ्याशुभ्र बोटीचं पोस्टर. त्या पोस्टरखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत रोज सकाळी दहा ते एक जो माणूस बसलेला दिसतो तो कुंडलिक. वय छप्पन्न, शर्ट कडक इस्त्रीचा, दाढी रोजच्या रोज. परदेशी क्रूझवर बावीस वर्षं वेटर होता. गावात त्याचं आडनाव कुणी घेत नाही, बोटवाले म्हटलं की पुरे. हल्ली टोमॅटोला बाजार सापडला की इकडची मंडळी मुंबईहून बोटीत बसून गोव्याला, लक्षद्वीपला निघतात. तिकीट दादाभाऊ काढतो आणि अक्कल कुंडलिक देतो.

आणि माणूस सांगतोही झकास, हे कबूल करायला हवं. नारायणगावचे बाळासाहेब, टोमॅटोचे व्यापारी, घरची अकरा माणसं घेऊन निघाले होते, तेव्हाची गोष्ट. कुंडलिकने त्यांची पार शाळाच घेतली.

"मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेत्यात, बाळासाहेब. त्या खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ व्हते. तवा बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड आन् एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठिवा. न्हाईतर बसाल दिसभर घामेजून."

"आन् च्याची शेगडी?"

"कसली शेगडी राव! शेगडी न्हाई, इस्त्री न्हाई, उदबत्ती-काडेपेटी बी न्हाई. बोटीला पान्याचं भ्या नसतंय, आगीचं असतंय. त्यापरीस बायकांचे स्वेटर घ्या. जेवनाच्या हॉलात एसी लई गार. आन् मळमळीची गोळी मळमळायच्या आधी घ्यायची. मागनं घेतली तर गोळीच भाईर येती."

सगळे हसले. बाळासाहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग जेवणाचा विषय निघाला आणि कुंडलिक खुर्चीतून उठून उभाच राहिला. जेवणाबद्दल तो कधी बसून बोलत नसे.

"बुफे बघून ताट भरू नका. पयली चक्कर रिकाम्या हातानं मारा, समदं बघा, मंग ताट उचला. रातच्याला मोठ्या हॉलात जावा. थितं तुमचं टेबल ठरल्यालं, वेटर बी ठरल्याला. पयल्याच रातीला त्याला सांगून टाका, कांदा-लसूण चालतो का, तिखट किती. चार दिस त्यो तुमचं नाव इसरायचा न्हाई. आन् भाईर हिंडायला उतरलात तर बोटीनं ठरवलेल्या गाडीनं जावा. तिला उशीर झाला तर बोट थांबती. तुमची तुमी रिक्षा केली तर न्हाई थांबायची. तुमी धक्क्यावर आन् बोट पान्यात."

असं सगळं सांगून एकच्या सुमाराला कुंडलिक घरी जेवायला जायचा. आणि घरी गेलं की त्याची बोलती बंद व्हायची.

घर चांगलं होतं. दोन खोल्यांवर स्लॅब, पुढे ओटा, मागे विहीर आणि दीड एकर कांदा. मुलगी उज्ज्वला नारायणगावला दिली होती, सुखात होती. आई झुंबरबाई चार वर्षांपूर्वी गेली. आता घरात तो आणि बायको आशा, दोघंच. तो हातपाय धुऊन बसला की आशा ताट वाढून पुढे ठेवायची. भाकरी, पालेभाजी, ठेचा, कधी पिठलं. ठेवताना रोज एकच वाक्य बोलायची, "बोटीवरच्यावानी न्हाई, पन खावा." मग पदर खोचून चुलीपाशी उभी राहायची. त्याचं झालं की ताट उचलायची आणि मागून एकटी जेवायची.

"बस की तू बी," तो म्हणायचा.

"तुमी जेवा. माझं मागनं."

आळे गावातल्या बहुतेक घरांत हीच रीत आहे, त्यात नवल काही नाही. पण दुसऱ्या घरांत निदान वाढता वाढता बोलणं होतं, भांडण होतं, भाजी खारट झाली म्हणून आवाज चढतो. इथे भाकरी मोडल्याचाही आवाज ऐकू यायचा. कोरोनात बोटी बंद पडल्या त्या साली कुंडलिक कायमचा घरी आला, त्याला आता चारपाच वर्षं झाली. एवढ्या काळात ती त्याच्यासमोर बसून एकदाही जेवली नाही. त्याला आता दुसरं काहीच नको होतं. आशाने समोर बसावं, दोघांनी एकदम पहिला घास घ्यावा, एवढ्यासाठी त्याचा जीव तुटत होता. आणि हे सांगायचं कसं, ते बावीस वर्षं जगभरच्या लोकांना जेवू घालणाऱ्या माणसाला येत नव्हतं.

बोलणं कुठे अडलं ते त्याला कळलं नव्हतं. आपल्याकडे फोनवर पहिला प्रश्न एकच असतो. पाऊस, पोरं, तब्येत सगळं नंतर, आधी "जेवला का?" पहिल्या वर्षी त्याने शेजारच्या लंकाबाईंच्या घरी फोन लावला तेव्हा आशानेही तेच विचारलं आणि तो खरं बोलून गेला. सकाळपासनं पोटात काही नाही, पाहुण्यांची पंगत उठली की बाराला खाली जाऊन खाईन. दहा दिवसांनी पुन्हा फोन केला तर आईने आशाच्या हातातून फोन घेतला. "आरं, तिनं दोन दिस आमाला रांधून वाढलं आन् सोता नुसत्या पान्यावर ऱ्हायली. असलं काय सांगत जाऊ नको तिला." त्या दिवसापासून कुंडलिकने ठरवलं. ती "जेवला का?" म्हणाली की आदल्या रात्री पाहुण्यांना जे वाढलं असेल ते तो घडाघडा सांगायचा. मशरूमचं सूप, लोण्यातला मासा, चॉकलेटचा केक. लई झ्याक जेवलो, म्हणायचा. तिला काळजी नको, एवढाच त्याचा हेतू होता.

तर यंदा दिवाळी सरली आणि त्याने गुपचूप दोन तिकिटं काढली. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. आशा आधी नाहीच म्हणाली. मग उज्ज्वलाने फोनवर भरीस घातलं तेव्हा तयार झाली, पण तोंडावर उत्साह म्हणाल तर नाव नको. बॅग कुंडलिकनेच भरली. तिचं स्वेटर, चालायच्या चपला, हातातल्या पिशवीत आधार कार्ड. फडक्यात बांधलेल्या चार भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तिने साड्यांखाली घातला होता, तो त्याने काढून ठेवला.

"घरचं न्हेऊ देत न्हाईत. आन् थितं काय कमी हाये?"

"तुमाला म्हाईत," आशा म्हणाली आणि डबा फडताळात ठेवून आली.

साऱ्या तालुक्याला गोळीची वेळ सांगणारा माणूस, स्वतःच्या बायकोला गोळी द्यायची विसरला. आनंदाच्या भरात, दुसरं काय! पहिली रात्र आशाने खोलीत पडून काढली. कुंडलिक तिच्या उशाशी दहीभाताची वाटी धरून बसला होता. तिने दोन चमचे खाल्ले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी गोव्याला उतरले. लोकांना बोटीची गाडी घ्या म्हणून सांगणाऱ्याने स्वतः मात्र वेगळी टॅक्सी केली, कारण त्याला चाळीस माणसांत बसायचं नव्हतं. एक चर्च पाहिलं, एक देऊळ पाहिलं. नारळपाणी पिताना आशाने विचारलं, "तुमी फाट्यावर लोकास्नी त्या रोमचं सांगता. काय काय बघितलं तुमी थितं?"

कुंडलिक जरा घोटाळला. "बंदरापासनं लांब हाये त्ये. आमाला दोन तासांची सुट्टी. ती फोनच्या रांगंत जायची."

"मंग लोकास्नी सांगता कसं?"

"पाव्हनं जेवताना बोलायचे. ऐकून ऐकून झालं पाठ."

आशाने त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण असं तिने फार वेळा पाहिलं नसावं. "लेण्याद्रीच्या पायऱ्या बी आपन जोडीनं कधी चढलो न्हाई," ती म्हणाली. बोट सुटेल या धास्तीने त्याने दोन तास आधीच टॅक्सी माघारी फिरवली, आणि दोघं बंदरावरच्या बाकावर ती एवढी मोठी बोट बघत बसून राहिली. रात्री आशा दमून लवकर झोपली.

आता एकच रात्र उरली होती. कुंडलिकने सकाळीच जाऊन हॉलच्या प्रमुखाला गाठलं, आपण याच धंद्यातले म्हणून ओळख दिली, आणि खिडकीजवळचं दोघांचं टेबल मागून घेतलं. संध्याकाळी आशाने उज्ज्वलाने दिलेली मोरपंखी साडी नेसली, वर स्वेटर घातलं. कुंडलिकने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. ती बसली. तो समोर बसला. मधे पांढरं फडकं, दोन ताटं, दोन पेले.

वेटर आला. चाळिशीचा, मणिपूरकडचा माणूस. चेहऱ्यावर हसू असं बसवलेलं की बोलताना, वाकताना, पाणी ओतताना जरासुद्धा हललं नाही. त्याने भाजी, डाळ, गरम रोट्या मांडल्या आणि हात मागे बांधून दोन पावलं दूर उभा राहिला. कुंडलिकने रोटीचा तुकडा मोडला. आशाचा हात मांडीवरच होता. ती वेटरकडे बघत होती.

"आप खाया?" तिने टीव्हीवरच्या हिंदीत विचारलं.

"बाद में, माताजी. ग्यारह बजे के बाद." हसू तसंच.

"सुबह से?"

"चाय पिया है, माताजी." एवढं बोलून तो शेजारच्या टेबलाकडे वळला.

आशाने ताट दोन बोटं पुढे सरकवलं. समोर उपाशी माणूस उभा असताना तिच्या हाताला घास उचलणं ठाऊकच नव्हतं.

"अगं, ड्यूटी हाये त्याची. खा तू."

"तुमी बी असंच व्हता?"

"आं?"

"तुमी बी अकराच्या मागनं जेवायचा?"

कुंडलिकने रोटी खाली ठेवली. "कधी अकरा, कधी बारा. खाली आमची येगळी मेस व्हती. भात आन् मासळीचं कालवण. हुबं ऱ्हाऊनच खायाचं. पाय धरल्यालं असायचं, बसलं की उठवायचं न्हाई."

"आन् त्यो केक? त्ये लोन्यातलं मासं?"

"त्ये पाव्हन्यांचं. आमाला त्याला हात लावायची बंदी व्हती. तू उपाशी ऱ्हायली व्हतीस ना तवा, आईनं सांगितलं... म्हनून मी..."

आशाने मांडीवरचा रुमाल घडी घालून टेबलावर ठेवला. मग बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला फार लागलं.

"हीर आटली त्या साली मी आन् आत्याबाई मीठ-मिरचीवर दिस काढत व्हतो. तुमचा पगार बोटीच्या नोकरीपायी काढल्याल्या कर्जात जायचा. उज्ज्वला दुधासाठी रडायची. तवा तुमचा फोन आला. मी लंकाबाईच्या वट्यावर हुबी. तुमी मला केक सांगितला. थर किती ते बी सांगितलं. मी फोन ठिवला आन् त्याच वट्यावर ठरवलं, ह्या मानसाला आपली काय बी पडलेली न्हाई. लेकीला जेवू न घालता केक खानारा मानूस. मंग जे काय वाढलं ते परक्याला वाढावं तसं वाढलं. रोजच्या रोज टोचून बोलले, बोटीवरच्यावानी न्हाई म्हनून. तुमाला कळलं बी न्हाई."

"मला वाटलं, तू आपली लाजून म्हनतीस."

"लाजून!" आशाने डोळ्याला पदर लावला. "एकदा खरं सांगायचं व्हतंत की. उपाशी ऱ्हायले असते आनखी दोन दिस. काय मेले नसते. पन नवरा माझा ऱ्हायला असता. आता काय, सवय झाली वं मला तुमच्याबिगर. मोडायची म्हनलं तर मोडत न्हाई."

मागच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, टाळ्या पडत होत्या. कुंडलिकने उगाच तिकडे पाहिलं. तोंड कुठे लपवावं कळेना, आणि मग त्याच्या अंगवळणी पडलेलं जे होतं तेच त्याने केलं. तो उठला. तिचं न शिवलेलं ताट डाव्या मनगटावर घेतलं, त्यावर आपलं ठेवलं, जरासा वाकला आणि हसला. त्या मणिपुरी माणसासारखं, जरासुद्धा न हलणारं. बावीस वर्षं कुणी ओरडलं, कुणी ताट परत पाठवलं, की हेच हसू त्याने पुढे केलं होतं. "दुसरं काय आणू?" तो म्हणाला.

आशा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, भीती होती.

"असं नगा हसू माझ्याकडं बघून," ती म्हणाली. "मी काय पाव्हनी हाये का तुमची?"

कुंडलिकने ताटं खाली ठेवली आणि खुर्चीत बसला. चेहऱ्यावरचं हसू काढून टाकायला त्याला फार वेळ लागला. डाळीवर साय धरली, रोट्या वातड झाल्या. वेटरने दोनदा येऊन काही कमी आहे का विचारलं. दोघांनीही मान हलवून नाही म्हटलं, आणि हॉल रिकामा होईपर्यंत दोघं त्या टेबलाशी न जेवता बसून राहिली.