कानाजवळचं हाड

दत्तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गिरगावात घरी चहा पीत होतो. निरोप ऐकला आणि चहा संपवला. बशीसुद्धा विसळून ठेवली. कावीळ होती, बरा होईल असं सगळेच म्हणत होते... त्याला आता दीड महिना झाला. रडू अजून आलेलं नाही. लोक म्हणतात येईल. येईल तेव्हा येईल.

दत्तू लालबागचा, गिरणीतल्या विणकराचा मुलगा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही बरोबरच नोकरीला लागलो. तिथल्या आमच्या सरांनी त्याच्या हातात बंगालातल्या राणीगंजकडून आलेला एक दगड ठेवला. दगडात कवटी होती, नारळाएवढी, डायसिनोडॉन्टची. नाव भयंकर, जनावर गरीब. पाला खाणारं, कासवासारखी चोच, वरच्या जबड्यात फक्त दोन सुळे. आपल्या सस्तन प्राण्यांचं फार जुनं नातलग, कधीच नामशेष झालेलं. डोळ्यांमागे मोठी पोकळी, जबड्याचे स्नायू मावायला. हे सगळं पुस्तकात होतंच. दत्तूला एकच गोष्ट हवी होती: कानातलं ते लहानसं हाड जबड्याच्या सांध्याला टेकतं की नाही. "हे ऐकत कसं असेल रे?" म्हणायचा. "जमिनीला हनुवटी लावून?" जेवताना डबा बाजूला सारून स्वतःची हनुवटी टेबलाला लावून बसायचा, वेडा.

ते बघायचं तर कवटी घासून संपवावी लागते. काचेवर कुरुंदाची भुकटी, थोडं पाणी, आणि त्यावर दगड फिरवायचा. अर्धा मिलिमीटर गेला की थांबायचं, दिसेल तसं चित्र काढायचं, मग पुढे. चित्र काढायचं राहिलं तर कायमचं राहिलं, हाड काही परत येत नाही. पाऊण वर्ष आम्ही हेच करत होतो. संध्याकाळी तो मोर्चाला, सभेला जायचा आणि मी घरी. "मुंबई महाराष्ट्राला मिळाली तरी तू घरीच बसशील," म्हणायचा.

मग ती संचारबंदी लागली. परळ-लालबाग बंद, दत्तू तिकडे अडकला. मी चालत कॉलेजात पोचलो, कशाला ते देव जाणे. बाहेरून गोळीबाराचे आवाज येत होते. हात चालू असला की भीती कमी वाटते, म्हणून घासत राहिलो. थांबलो तेव्हा साडेतीन मिलिमीटर गेले होते, नेमके कानाजवळचे. चित्र एकही काढलेलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि सात चित्रं मनानं काढली. सुबक काढली. ते हाड सांध्याला व्यवस्थित टेकवलं.

तीन दिवसांनी दत्तू आला. सातही कागद त्यानं खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले.

"एकटाच होतास?"

"हो."

"जेवला होतास का त्या दिवशी?"

"नाही."

त्यानं कागद फायलीत लावले आणि पुढचं घासायला घेतलं. मला वाटलं, खपलं. सुटल्यासारखं वाटलं मला, त्याची लाज आजही वाटते.

आता सर त्याचा निबंध छापणार आहेत, त्याच्याच नावानं. कागद आणायला मी लालबागला गेलो. त्याची आई म्हणाली, "झिला, माका ह्यातला काय कळणा नाय. तूच बघ." मी निबंधातलं मोठं चित्र उलगडलं. आमच्यात रिवाज आहे, डोळ्यांनी पाहिलेलं हाड अखंड रेषेनं काढायचं आणि अंदाजानं काढलेलं तुटक रेषेनं. सगळी कवटी अखंड होती. कानाजवळचं ते एकच हाड तुटक. खाली त्याचं बारीक अक्षर: 'हा भाग आम्हांला पाहता आला नाही.' आम्हांला, असं लिहिलंय त्यानं. मी चित्र गुंडाळलं, आईच्या हातचं पाणी प्यायलो आणि निघालो.

काल सरांनी ते पाहिलं. म्हणाले, "सातही छेदांची चित्रं फायलीत आहेत की. मग तुटक कशाला? शाई घे आणि रेषा पक्की करून टाक." मी हो म्हणून आलो. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

सर, तुम्ही दर रविवारी पेपरातली ही पुरवणी वाचता, म्हणून इथे लिहितोय. ती सात चित्रं खोटी आहेत, मी काढलेली. दत्तूला ते ठाऊक होतं. रेषा तुटकच छापा, त्यानं काढलीय तशी.