गेरसाकूनचं उलटं नाव

आमच्या सिदोनमध्ये काच फुंकणारे ढिगानं आहेत, पण ज्यात फुंकायची तो साचा कोरावा गेरसाकूननंच. हा माझ्या भाचीचा, अरिशतचा नवरा. कामाला वाघ, बोलायला लागला की डोकं खातो. आणि कित्येक वर्षं एकच टुमणं: पेल्यावर माझं नाव हवं.

भट्टीचा मालक थ्रासोन ग्रीक. तो दाद देत नसे. शेवटी कंटाळून म्हणाला, "घाल बाबा! पण चुकलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

पेल्यावर ग्रीकमध्ये 'मजा कर' हवं होतं. ती अक्षरं मी लिहून दिली. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला येतात? साच्यात उलटं कोरलं तर काचेवर सुलटं उमटतं. ग्रीक त्यानं निगुतीनं उलटवलं, उजवीकडून डावीकडे. आमची लिपी मुळातच तशी चालते. मग काय, हा पठ्ठ्या त्याच ओघात खाली आपलं नाव आमच्या लिपीत नेहमीसारखं, न उलटवताच कोरून मोकळा!

साचा भाजला, पेला फुंकला. ग्रीक झकास. नाव उलटं.

"हा कोण नकूसारगे?" थ्रासोन पोट धरून हसला. "उद्या माती भरून बुजव ते."

गेरसाकून पेला घेऊन डोळे पुसतच घरी आला. मी तिथंच होते.

"आधी जेवा," अरिशत म्हणाली, "मसूर गार होतेय."

"माझंच नाव बुजवायला मीच माती मळू?"

तिनं त्याच पेल्यात पाणी ओतलं आणि तोंडाला लावला. मध्येच थांबली. "मावशी, अगं, मला नाव सरळ दिसतंय!"

मी पेला हिसकावला. खरंच! बाहेरून उलटं, पण पिताना पलीकडच्या काचेतून अगदी सुलटं.

मसूर तशीच टाकून आम्ही थ्रासोनकडे गेलो. "मालक, प्या," मी म्हटलं. तो प्यायला, थबकला, पेला फिरवून पुन्हा प्यायला.

"म्हणजे 'मजा कर' समोरच्याला, आणि नाव पिणाऱ्याला?"

"मग बुजवू ना?" गेरसाकूननं साळसूदपणे विचारलं.

"हात तर लावून बघ त्या साच्याला!"

आता हा दारूच्या गुत्त्यात सांगत फिरतो की मुद्दामच तसं कोरलं.

"हो का?" अरिशत विचारते. "मग त्या दिवशी रडत कोण होतं?"

"भट्टीचा धूर गेला होता डोळ्यांत."