ओट्याची उंची

मी ज्यांच्याकडून मासे घेतो, त्या मांडवीच्या मावशी साहेबालाही ‘बाबू’च म्हणतात आणि कुणी घासाघीस केली की सरळ दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागतात. नव्या मासळी बाजाराला निधी मिळाला, तेव्हा आमच्या नगरपालिकेच्या कचेरीत मासेवालींना बोलावून नकाशा दाखवला. त्यात ओटे कमरेइतके उंच होते. बाकीच्या वाकून नकाशा पाहू लागल्या. मावशी मात्र पाटीतली विळी मांडून फरशीवरच बसल्या.

“बाबू, आम्ही बसून कापतो. आता घे माप!”

“मावशी, याच नकाशाला मंजुरी आहे,” इंजिनिअर म्हणाला.

“मग मंजुरीच बसूदे मासे कापायला!”

इंजिनिअर हसला आणि टेप काढून त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. ओटे खाली आले. उद्घाटनाला पाहुणे फीत कापायला पोचले, तोवर मावशी मागच्या दाराने शिरून अर्धी पाटी विकून मोकळ्या झाल्या होत्या.