हो, नाही आणि इन्शाल्ला

मैसूनने चौदा वर्षं एकाच प्रश्नावर नोकरी केली. "हे तुम्हीच होता का?" अम्मानमधल्या एका बँकेच्या सुरक्षा विभागात ती बसायची. कुणी नव्या फोनवरून मेल उघडली, कुणी अकाबाला सुट्टीवर जाऊन तिथून फाइल पाहिली, की हिच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी यायची. मग त्या माणसाला फोन लावायचा, विचारायचं, खात्री पटली की पट्टी मिटवायची. दिवसाला चाळीस पट्ट्या, आणि चाळीसही फुकटच्या. खरा चोर महिन्यातून एखादा. मधल्या वेळात, पासवर्ड विसरलेल्यांना नवे पासवर्ड द्यायचे, ते बुधवारपर्यंत पुन्हा विसरायचे. इंजिनियर होऊन माणूस हेच करत राहिला तर डोकं आंबतं. मैसूनचं चांगलंच आंबलं होतं.

एकोणचाळिसाव्या वर्षी तिने राजीनामा दिला. सोबत जुहैर निघाला. त्याच विभागात प्रोग्राम लिहायचा तो. हात चांगला आणि जीभ त्याहून तिखट. लुवैबदेच्या चढावर, बिया भाजून विकणाऱ्या दुकानाच्या वर दोघांनी एक खोली घेतली आणि कंपनी काढली. प्रोग्रामचं नाव ठेवलं 'हाजिर'. काम एवढंच, की लाल पट्टी आली की त्याने स्वतःच त्या माणसाच्या मोबाइलवर विचारायचं, हे तुम्हीच का? हो म्हणाला तर पट्टी मिटवायची, नाही म्हणाला तर खातं बंद करायचं. माणसाने फोन लावत बसायला नको.

निरोप देताना बँकेतले साहेब गोड हसून म्हणाले होते, "तुझी खुर्ची वर्षभर रिकामी ठेवतो. येशीलच." ते हसू तिला झोंबलं होतं. पण वर्षाचे अकरा महिने सरले तरी गिऱ्हाईक एकही नव्हतं. लोक वेलचीची कॉफी पाजायचे, कौतुक करायचे आणि विसरून जायचे.

बाराव्या महिन्यात एका विमा कंपनीने दार उघडलं. तिथले कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख अबू सुहैल म्हणजे सव्वीस वर्षं एकाच जागी रुतलेला माणूस. मिशी भरघोस, आणि स्वतः न बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर संशय.

"एक महिना देतो, इंजिनियरबाई," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी लमीसबाईंसमोर मी सांगेन, ठेवायचं का नाही. लमीसबाई आमच्या डायरेक्टर. त्या माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत."

म्हणजे सगळं या एका माणसाच्या तोंडून काय निघतं त्यावर होतं. तो नको म्हणाला, की मैसून परत त्या खुर्चीत.

तिकडे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. पहिल्याच रविवारी सकाळी साडेदहाला अबू सुहैल यांचा फोन आला. आवाज शांत होता, तोच जास्त घाबरवणारा.

"इंजिनियरबाई, माझी एकतीस माणसं कामाविना बसली आहेत. तुमच्या हाजिरने त्यांची खाती बंद केली."

"का?"

"ते मला विचारता? देवाचं नाव घेतलं म्हणून, दुसरं काय."

तिने घाईने आलेली उत्तरं उघडली. हाजिरने विचारलं होतं, 'नऊ वाजून दहा मिनिटांनी तुमची मेल नव्या फोनवरून उघडली. हे तुम्हीच का? हो किंवा नाही लिहा.' हो किंवा नाही कुणीच लिहिलं नव्हतं. एकाने लिहिलं होतं, 'इन्शाल्ला,' म्हणजे देवाची इच्छा असेल तर. दुसऱ्याने, 'देवाची कृपा, तुम्ही कसे आहात?' एका बाईंनी जावयाने फोन कसा आणून दिला, रंग कसा आवडला नाही, आणि मुलगी इर्बिदला सुखात आहे, हे सगळं लिहिलं होतं. गोंधळलेल्या हाजिरने सगळ्यांना चोर ठरवलं होतं.

जुहैरने कपाळाला हात लावला. "या देशात हो-नाहीवर चालणारं यंत्र विकायला निघालो आपण. आपल्यासारखे शहाणे आपणच."

त्याने मग दोन बटणं घातली, एक हिरवं आणि एक लाल. दुसऱ्या दिवशी बटण कुणी दाबलंच नाही. अनोळखी निरोपातलं बटण दाबायचं नाही, असं त्या लोकांना दरवर्षी बजावलं जात होतं, आणि नेमकं हेच एक त्यांनी मनावर घेतलं होतं.

मैसून मरमियाची पानं घातलेला चहा घेऊन खिडकीत बसली. चौदा वर्षांत आपल्याला तरी कुणी सरळ 'हो' म्हटलं होतं का? आठवेना. ज्याचं सगळं ठीक असायचं तो हकिकत सांगायचा, जावई, प्रवास, गुडघा. ज्याच्या खात्यात खरंच कुणी घुसलेलं असायचं तो ताडकन म्हणायचा, "अहो नाही, मी तर घरी आहे." आणि मधे काही असायचे जे नुसतं इन्शाल्ला म्हणून गप्प व्हायचे. तिथे ती फोन ठेवायची नाही. कारण भाचीच्या लग्नाला येणार का विचारल्यावर तिचे स्वतःचे मामा जे इन्शाल्ला म्हणायचे आणि यायचे नाहीत ना, ते हेच. हे सगळं ती इतकी वर्षं कानाने ओळखत आली होती, आणि आपल्याला काही येतं हे तिला माहीतच नव्हतं.

"हकिकत सांगणाऱ्यांना सोडायचं, हे हाजिरला शिकव," ती जुहैरला म्हणाली. "आणि प्रश्नाआधी सलाम घाल, नाव घे. नुसतं इन्शाल्ला आलं, तर ते माझ्याकडे पाठव. मी फोन करीन."

"फोन बंद व्हावेत म्हणून कंपनी काढली ना, उम्म यमान? का मला चुकून वेगळंच कळलं?" जुहैर तिला तिकडच्या रीतीप्रमाणे मुलाच्या नावाने हाक मारायचा, उम्म यमान, म्हणजे यमानची आई.

"चाळीस बंद झाले. चार राहू देत."

चार, कधी पाच. आणि गंमत अशी की ते पाच फोन तिला आवडायला लागले. घाई नसायची. समोरचा माणूस बोलायचा, ही ऐकायची, मधेच खालून भाजलेल्या बियांचा वास यायचा. तिसऱ्या आठवड्यात कुणाचीच तक्रार आली नाही. संध्याकाळी पाचला दोघं खोली बंद करून घरी जायला लागली. यमानने तर विचारलं, "आई, तुझी कंपनी बुडाली का?"

चोविसाव्या दिवशी सकाळी अकराला लाल पट्टी आली. परदेशातून कुणीतरी एका खात्यात शिरलं होतं, आणि खातं साधंसुधं नव्हतं, साऱ्या कंपनीच्या खात्यांच्या किल्ल्या त्यात होत्या. हाजिरने सलाम करून विचारलं. उत्तर आलं, 'इन्शाल्ला सगळं ठीक.'

खातं अबू सुहैल यांचं होतं.

जुहैर उठून दाराशी गेला आणि परत आला. "ठीक आहे म्हणालेत ना? धर ते हो. उम्म यमान, सहा दिवस राहिलेत. त्या माणसाला तू पकडलंस, तर तो तुला त्या दारात उभं करणार नाही."

त्याचं खोटं नव्हतं. पण मैसूनने फोन उचलला.

अबू सुहैल यांनी तिच्या आईची चौकशी केली, सल्टच्या द्राक्षांची केली, हवेची केली. ती सगळ्याला उत्तर देत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "अबू सुहैल, ते तुम्ही नव्हता ना?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"पार्सलचा निरोप होता," ते शेवटी म्हणाले. "नातीसाठी बाहुली मागवली होती. मला वाटलं तेच. पासवर्ड विचारला, मी दिला."

"किती वेळापूर्वी?"

"वीस मिनिटं."

पुढच्या सात मिनिटांत तिने चोराला बाहेर काढलं, किल्ल्या बदलल्या, नवा पासवर्ड त्यांना वाचून दाखवला. नुकसान काही झालं नव्हतं. ते फक्त 'बरं' म्हणाले. त्यानंतर सहा दिवस त्यांचा फोन नाही, निरोप नाही. मैसूनने मनातल्या मनात त्या खुर्चीत बसून पाहिलं. रडू आलं नाही, एवढंच. आपण केलं ते बरोबर केलं, असं तिला वाटत होतं, आणि त्या वाटण्यात एक समाधानही होतं.

शेवटच्या दिवशी लमीसबाईंच्या खोलीत चौघं बसली. बाई मोजकं बोलणाऱ्या. कागद चाळून त्यांनी विचारलं, "महिन्यात खरा चोर किती वेळा सापडला?"

"एकदा," मैसून म्हणाली.

"कुणाच्या खात्यात?"

"नाव आम्ही सांगत नाही, बाई. सांगितलं तर पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही."

लमीसबाईंच्या कपाळावर आठी पडली. "मी डायरेक्टर आहे."

"मला माहीत आहे. तरी नाही सांगणार."

जुहैरने डोळे मिटून घेतले.

अबू सुहैल यांनी घसा साफ केला. "माझ्या," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं मी या लोकांना शिकवतोय, असले निरोप उघडू नका. मी उघडला. यंत्राने विचारलं, तर मला लाज वाटली, मी ठीक आहे म्हणालो. यांनी फोन केला. करायला नको होता, त्यांचं काम माझ्या हातात होतं. तरी केला." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आज मी नको म्हणालो असतो, तर खरं कारण इथे कुणाला कळलंही नसतं, बाई. हे ठेवा. माझ्यासाठी तरी ठेवा."

लमीसबाईंनी पेन उचललं.

व्हरांड्यात आल्यावर मैसून भिंतीला टेकून रडली. चौदा वर्षांत तिने किती लोकांचं खरं ऐकलं होतं, पण इतकं महागाचं खरं कुणी तिच्यासमोर बोललं नव्हतं. जुहैर पाण्याचा ग्लास घेऊन आला, आणि ती पिईपर्यंत शेजारी उभा राहिला.